पहिला पसंतीक्रम विचारपूर्वक भरा

दहावीचा निकाल लागला की आमच्या वसतिगृहात अकरावीच्या अर्जांची धावपळ सुरू होते. २०२५ पासून हे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. पाड्यावरच्या मुलांनाही आता फेऱ्यांतून जावे लागते. म्हणून मला उमगलेली एक गोष्ट पालकांना आणि शिक्षकांना सांगावीशी वाटते.

अर्जात एक ते दहा महाविद्यालये पसंतीक्रमाने भरता येतात. पहिल्या पसंतीचे मिळाले, तर तेथे प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद होतात आणि थेट ‘सर्वांसाठी खुली’ फेरी येईपर्यंत थांबावे लागते. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचे मिळाले, तर प्रवेश घ्यायचा की पुढच्या फेरीची वाट पाहायची, हे मुलांच्या हाती असते. मात्र सोडलेली जागा पुन्हा मिळेलच असे नाही.

पहिल्या वर्षी माझीच चूक झाली. एका हुशार मुलीला विज्ञान शाखा हवी होती. मी हौसेने शहरातले नामांकित महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहायला लावले. पहिल्याच फेरीत तिचा नंबर लागला. आम्ही पेढे वाटले. पण राहायचे कुठे? आदिवासी विभागाच्या शासकीय वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो. तिथली यादी अजून लागायची होती. खोलीचे भाडे तिच्या वडिलांना झेपणारे नव्हते. मुदत निघून गेली. खुल्या फेरीपर्यंत तालुक्यातल्या विज्ञानाच्या जागा भरल्या होत्या. ती आज कला शाखेत मन लावून शिकते, कुणाला दोष देत नाही. मला मात्र ते विसरता येत नाही.

तेव्हापासून फॉर्म भरण्यापूर्वी मी प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारतो. हे कॉलेज मिळाले तर उद्या जाशील का? राहशील कुठे? एस.टी.चे आणि जेवणाचे पैसे कोण देणार? तिन्हींची उत्तरे असतील, तेच नाव पहिले. स्वप्नातले कॉलेज दुसऱ्या-तिसऱ्या जागी लिहिले, तर विचाराला वेळ मिळतो. पण वरचे नाव आधी लागू शकते, म्हणून वरचे कॉलेजही मनापासून चालणारेच हवे. वसतिगृहाचा अर्ज त्याच आठवड्यात भरावा. जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा.

नियम दरवर्षी थोडे बदलतात, तेव्हा त्या वर्षीची सूचना जरूर वाचा. आणि शंका असेल तर बटण दाबण्याआधी आमच्याकडे या.