रोख्याच्या मागचा हिशेब

१८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा मुख्य राग माणसांवर नव्हता, कागदांवर होता. रोखे आणि हुकूमनामे ताब्यात घेऊन जाळणे हा त्या उठावाचा हेतू. जो कागद आपल्याला वाचता येत नाही आणि तरीही आपले शेत घेऊन जातो, त्याचे दुसरे काय करणार? पुढे १८७९ च्या कायद्याने न्यायालयांना रोख्याच्या मागे जाऊन कर्जाचा मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्ष व्यवहार या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे सरकारला तेव्हा मान्य करावे लागले.

आज आपल्या वस्तीत रोखा नाही, गटकर्जाचे कार्ड आहे. अंगठ्याच्या जागी सही आली आहे. पण सही करता येणे म्हणजे हिशेब कळणे नव्हे.

एक उदाहरण घेऊ. मोलमजुरी करणाऱ्या बाईला तीस हजार रुपये कर्ज मिळते. तोंडी सांगितले जाते, 'शेकड्याला महिना एक रुपया.' वर्षाचे व्याज ३,६०० रुपये, म्हणून दरमहा २,८०० रुपयांचा हप्ता. वरवर पाहता बारा टक्के. परंतु प्रत्येक हप्त्यात अडीच हजार मुद्दल फिटत असते. शेवटच्या महिन्यात तिच्याकडे फक्त २,५०० रुपये राहिलेले असतात आणि व्याज मात्र तेच ३०० रुपये घेतले जाते. म्हणजे त्या महिन्यात शेकड्याला बारा रुपये! घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हा दर वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. त्यातून प्रक्रिया शुल्काचे ४५० आणि विम्याचे ६०० रुपये आधीच कापून हातात २८,९५० ठेवले, तर दर अठ्ठावीस टक्क्यांच्या वर जातो. जुन्या सावकारीत या आगाऊ कापणीला मनोती म्हणत. तिला आता पावती मिळते, इतकाच फरक.

येथे शिक्षकमित्रांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. शाळेत आपण जे सरळव्याज शिकवतो, त्यात मुद्दल मुदत संपेपर्यंत जसेच्या तसे राहते. हप्त्याच्या कर्जात ते दरमहा घटते. शाळेतले सूत्र मनात धरून आपला विद्यार्थी हा हिशेब तपासायला गेला, तर तो त्याला बरोबरच वाटेल. फसवणुकीचे गणित आणि पाठ्यपुस्तकाचे गणित एकच असावे, हा योगायोग असेलही; पण तो कोणाच्या सोयीचा आहे ते उघड आहे. हप्त्यांचा तक्ता फळ्यावर मांडायला एक तास पुरतो.

आर्थिक साक्षरतेचे सप्ताह हल्ली साजरे होतात. बचत करा, गुप्त क्रमांक कोणाला सांगू नका, हप्ता वेळेवर भरा. उपदेश खोटा नाही. परंतु सगळी शिस्त कर्जदाराला आणि देणाऱ्याला प्रश्नच नाही, ही साक्षरता एकांगी आहे. आपल्या देशात लेखन आणि हिशेब ही जातीने वाटलेली विद्या होती. पिढ्यान्‌पिढ्या वही ज्यांच्या हाती लागू दिली नाही, त्यांच्या अज्ञानाला आज त्यांचाच दोष म्हणणे हा जुनाच न्याय झाला. लंडनच्या पदवीसाठी रुपयाच्या प्रश्नावर लिहिलेला बाबासाहेबांचा प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने आला. त्या अर्थशास्त्रज्ञाला आपण जयंतीच्या भाषणात एका वाक्यात आटोपतो, हेही बोलले पाहिजे.

नियम नाहीत असे नव्हे. २०१० मध्ये आंध्रात गटकर्जाच्या वसुलीने आत्महत्यांपर्यंत मजल गेली, तेव्हा देशभर चर्चा झाली आणि पुढे व्याजावर मर्यादा आली. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती मर्यादा काढली; त्याच निर्देशांत मात्र काही हक्कही दिले. तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त असता कामा नयेत. मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड नाही. कर्जदाराला समजेल अशा भाषेत कार्ड दिले पाहिजे आणि त्यावर सर्व खर्च धरून वार्षिक दर हवा. विमा गळ्यात मारता येत नाही, संमती लागते. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी वा संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही.

प्रत्यक्षात काय होते? एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या बायकांना बसवून ठेवतात. येथे व्याजापेक्षा अब्रू वसूल होते, आणि तीही शेजारणीकडून. जातीच्या बहिष्काराची धग ज्यांनी सोसली, त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतली कर्जाची कार्डे गोळा करून वाचायला बसावे. हातात किती पडले, किती फेडायचे, मध्ये काय कापले, एवढे तीन आकडे प्रत्येकीला काढता आले पाहिजेत. तक्रार आधी संस्थेकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बँकिंग व वित्तसेवा येतात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क नाही आणि वकिलाची सक्तीही नाही. मात्र मूळ करारच अन्यायकारक आहे असे म्हणायचे असेल, तर जिल्हा आयोग ते ऐकत नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. बीड वा गडचिरोलीच्या मजूर बाईने त्यासाठी किती रोज बुडवायचे, याचा हिशेब कायदा करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.