अतिभारारोपण आणि दुकानाचा छोटा टेम्पो

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केलेले असतात. त्यांपैकी अतिभारारोपण म्हणजे जनावरावर शक्तीबाहेर ओझे लादणे. व्यापारातून बैलगाडी गेली, तसा हा अतिचारही पुस्तकापुरताच उरला, असे आपण मानून चालतो. टेम्पोला जीव नाही हे खरे. परंतु चालकाला, मालावर बसविलेल्या हमालाला आणि रस्ता ओलांडणाऱ्याला तो आहे.

वाहनाच्या आरसी पुस्तकात रिकामे वजन आणि भारासह वजन असे दोन आकडे असतात. बँकेत वाहनकर्जाची प्रकरणे पाहताना जाणवे, की मालकाला कर्जाचा हप्ता तोंडपाठ असतो, हे आकडे मात्र नसतात. समजा, ते 850 आणि 1,600 किलो आहेत. वजाबाकी 750 किलो, म्हणजे साखरेची 50 किलोची 15 पोती. आणि त्यातही चालक व हमाल यांचे वजन धरावयाचे. पेठेत अशाच गाडीवर 30 पोती चढलेली दिसतात. इंजिन ती ओढतेही. प्रश्न थांबण्याचा असतो. गाडीचे एकूण वजन दीडपट झाले की त्याच वेगात ब्रेकला दीडपट ऊर्जा जिरवावी लागते. घाटाच्या उतारावर ब्रेक तापतात आणि त्यांची पकड जाते. उंच रचलेला माल वळणावर गाडी कलंडवतो, ते वेगळेच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार, 2019 च्या दुरुस्तीनंतर, जादा भारासाठी 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंड आहे. जादा माल उतरविण्याचा खर्चही भरावा लागतो आणि तो उतरेपर्यंत गाडी हलविता येत नाही. वजन करू देण्यास नकार दिल्यास दंड 40,000. वाचलेली एक खेप या आकड्यांशेजारी मांडून पाहावी. ‘ड्रायव्हरने भरले, मला ठाऊक नव्हते’ ही सबबही दुबळीच, कारण गाडी चालविणाऱ्याइतकाच ती चालवावयास लावणाराही दोषी ठरतो. आणि चालक दुसरा असला तरी मालकाला माहिती होती असे न्यायालय गृहीत धरू शकते. अपघात झाल्यास स्वतःच्या नुकसानीच्या विमादाव्यातही तंटा उभा राहू शकतो.

अशी लादलेली गाडी वाटेत बंद पडली, की दुसरा छोटा टेम्पो बोलावून दोराने ओढत नेण्याची आपल्याकडे रीत आहे. माझ्या मते सर्वांत मोठा धोका इथेच आहे. इंजिन बंद असताना मागच्या गाडीच्या ब्रेकला मिळणारी यांत्रिक मदत एकदोनदा पॅडल दाबल्यावर संपते आणि ती पुढच्या गाडीवर आदळते. चावी काढलेली असेल तर स्टिअरिंगच अडकते. नियमाप्रमाणे मागच्या गाडीत परवानाधारक चालक हवा, दोन्हींतील अंतर 5 मीटरपेक्षा अधिक नसावे, दोर सहज दिसावा आणि मागे गाडी ओढली जात असल्याचा फलक हवा. त्यापूर्वी एक काम अवश्य करावे: माल दुसऱ्या वाहनात उतरवून घ्यावा. उतार असेल तर दोराच्या फंदात न पडता क्रेन बोलवावी. तिचे भाडे मालाच्या खर्चात धरावे.