पपईचा चीक आणि पोस्टरसमोरचे परीक्षक

जळगाव जिल्ह्यातल्या पहूरहून अजिंठ्याकडे निघालं की वाटेत वाकोद लागतं. उद्योजक भवरलाल जैन यांचं हे जन्मगाव. त्यांचं नाव निघालं की लोकांना ठिबक आठवतं; रसायनशास्त्र शिकणाऱ्यांनी मात्र आधी पपेन आठवावं. १९७८ मध्ये त्यांनी केळीची पावडर करणारा एक जुना कारखाना घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. ते पपेन जळगावहून परदेशी गेलं.

पपेन म्हणजे प्रथिनं तोडणारं विकर. हिरव्या पपईला झाडावरच उभ्या चिरा देतात. पांढरा चीक गळतो आणि बघता बघता घट्ट होतो. तिथून पुढे घाई असते. या विकराची ताकद त्याच्या रेणूतल्या गंधकाच्या एका गटात असते. हवा लागली की ती उतरते, लोखंड लागलं तरी उतरते. म्हणून चिरा द्यायला लोखंडी पातं चालत नाही आणि चीक वाळवतानाही आच बेताचीच ठेवावी लागते. मांस मऊ करायला, बिअर नितळ ठेवायला, पचनाच्या औषधांत हे पपेन जातं.

असा विषय आपल्या शिवारात असताना तो आपल्याच विज्ञान मेळाव्यांत मानाने मांडला गेला पाहिजे. खानदेशात त्याची जागा तयार आहे. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झालं. त्याआधी इथली महाविद्यालयं पुण्याला जोडलेली होती. राज्यातल्या विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा जिल्हा, विद्यापीठ आणि राज्य अशा पायऱ्यांनी होते. पोस्टर टांगून विद्यार्थी उभा राहतो. परीक्षक येतात आणि विचारतात, “कंट्रोल कुठाय? रीडिंग किती वेळा घेतलं?” बक्षिसापेक्षा मला हे प्रश्न मोठे वाटतात. आपलं काम कुणी इतकं बारकाईने पाहावं, हाच संशोधनाचा खरा सत्कार.

अशा मेळाव्यांशी रसायनशास्त्राचं नातं जुनं आहे. भारतीय विज्ञान काँग्रेसची कल्पना दोन रसायनशास्त्रज्ञांचीच, मद्रासचे सायमनसेन आणि लखनौचे मॅकमोहन यांची. जानेवारी १९१४ मध्ये कलकत्त्यात पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा १०५ जण जमले आणि ३५ निबंध वाचले गेले. एवढ्या संख्येचा मेळावा आज तालुक्यालाही सहज भरेल.

तो पहूरला भरवावा, असं मला मनापासून वाटतं. शेजारी शेंदुर्णीला महाविद्यालय आहे, जामनेर जवळ आहे. प्रयोगाला महागडं यंत्रही लागत नाही. कोमट दुधात ठरावीक चीक घालायचा आणि दूध किती सेकंदांत जमतं ते घड्याळ लावून मोजायचं. ताजा चीक, उन्हात वाळवलेला, सावलीत वाळवलेला, लोखंडी भांड्यात ठेवलेला. प्रत्येकाचा वेळ वेगळा येईल आणि त्यातून विकराची ताकद कळेल. पपई लावणाऱ्या बापाला आणि बारावीत शिकणाऱ्या लेकीला एकाच तक्त्यापुढे उभं राहता येईल.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी लेण्यांत जावं. अजिंठ्याचा हिरवा रंग हिरव्या मातीचा, लाल आणि पिवळा गेरूचा. निळा मात्र अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्दाचा. १९२० च्या सुमारास निझामाने इटालियन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी चित्रं टिकावीत म्हणून लाखेचा थर दिला आणि कालांतराने तो पिवळा पडला. खालचा रंग न दुखावता तो थर उतरवण्याचं काम पुरातत्त्व खात्यातल्या रसायनशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं केलं. कोणतं द्रावक, किती वेळ, किती हलक्या हाताने, हे सांगायला त्यांच्यापैकी कुणाला तरी मेळाव्याचे प्रमुख पाहुणे म्हणून बोलवावं आणि भाषण थोडक्यात आटोपून उरलेला वेळ मुलांच्या प्रश्नांना द्यावा.