फांगजी : एका नावाच्या तीन वेली

चिनी औषधांच्या दुकानात मिळणारी फांगजी म्हणजे पांढुरक्या, पिठूळ मुळीच्या चकत्या. ही मुळी स्टेफॅनिया टेट्रँड्राची, आपल्या गुळवेलीच्याच कुळातल्या वेलीची. तिच्या पानाचा देठ कडेला नव्हे, पानाच्या पोटाशी, थोडा आत जोडलेला असतो. हान राजवटीच्या अखेरीस झांग झोंगजिंग या वैद्यांनी सूज आणि सांध्यांच्या जडपणावर जे काढे सांगितले, त्यांत फांगजी आहे.

तिच्या अल्कलॉइडांत मानाचं पान टेट्रँड्रिनचं. पेशींत कॅल्शियम शिरण्याच्या वाटा ते अडवतं. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. दगडाची धूळ फुफ्फुसात साचून होणाऱ्या सिलिकोसिसवर चीनमध्ये त्याच्या गोळ्या दिल्या जातात. २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनानुसार इबोलाची लागण केलेल्या उंदरांना टेट्रँड्रिनने वाचवलं. मात्र उंदरांवरच्या यशावरून माणसाचं औषध जाहीर करण्याची घाई कोणी करू नये.

जपानमध्ये फांगजीच्या काढ्यात सायनोमेनियम अक्यूटम ही वेगळी वेल वापरतात. तिच्यातल्या सायनोमेनिन या अल्कलॉइडचा सांगाडा मॉर्फिनच्या सांगाड्याशी नातं सांगतो आणि चीनमध्ये ते संधिवातावर देतात. ते अंगातलं हिस्टामिन मोकळं करतं, म्हणून काहींना खाज सुटते, चेहरा लाल होतो. ही वेलही गुळवेलीच्या कुळातलीच.

तिसरी ‘ग्वांग फांगजी’ म्हणजे ॲरिस्टोलोकिया फांगची. कूळच वेगळं, आणि तिच्यात मूत्रपिंडाला घातक ॲरिस्टोलोकिक आम्ल. १९९० च्या सुमारास ब्रुसेल्समधल्या वजन उतरवण्याच्या उपचारांत स्टेफॅनियाच्या नावाखाली हिचीच भुकटी कॅप्सूलमध्ये गेली. धडधाकट बायकांचे मूत्रपिंड काही महिन्यांत निकामी होऊ लागले. १९९३ मध्ये वानहेरवेगेम या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हे मांडलं, पुढे रुग्णांची संख्या शंभरावर गेली. २००० मध्ये तपासलेल्या ३९ रुग्णांपैकी १८ जणांच्या मूत्रमार्गात कर्करोग सापडला. भुकटी झाल्यावर पानाचा देठ कुठे जोडला होता, हे कोण पाहणार? रासायनिक चाचणीच पाहू शकते, आणि ती झाली नव्हती. हा दोष मी वनस्पतीला देणार नाही.

आपल्याकडची सापसंदही ॲरिस्टोलोकियाच. तिच्यातही हेच आम्ल आहे. वेलींच्या ओळखीचा असाच प्रश्न गुळवेलीबाबतही उभा राहिला. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे उकळले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पाकडे बोट दाखवलं. वाद बराच रंगला. पण बाजारातली भुकटी नक्की कोणत्या वेलीची, हे ग्राहकाला सांगता येत नसेल, तर असा वाद मिटायचा कसा?

वनौषधी घेऊ नका, असं माझं म्हणणं नाही. वेलीचं शास्त्रीय नाव आणि ॲरिस्टोलोकिक आम्लाच्या चाचणीचा दाखला विक्रेत्याकडे मागा. पुड्यावर नुसतं ‘वनौषधी चूर्ण’ छापलं असेल, तर ते परत करा. आणि आधीच घेत असाल, तर मूत्रपिंड व यकृताच्या तपासण्या करून घ्या.