आजीचे लग्न कसे लागले होते?

लग्न ठरवताना आपण काय काय विचारतो! मुलाचा पगार, मुलीचे शिक्षण, पत्रिका, गोत्र. पण लग्नाची नोंद करायला गेलेल्या मुलीला कुणी म्हटले, "तुझी आजी कोणत्या घरची? तिचे हे पहिलेच लग्न होते ना?" तर? १९६२ साली इस्रायलमध्ये असली चौकशी मराठी बोलणाऱ्या मुलींच्याच वाट्याला आली.

या मुली बेने इस्रायल घरांतल्या. पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी त्यांची आडनावे. कोकणात त्यांचे तेलाचे घाणे असत आणि शनिवारी ते बंद राहत, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्या लग्नात मेंदी आहे, हिरवा चुडा आहे. नवरी मात्र पांढऱ्या साडीत, आणि नवरदेव सिनेगॉगमध्ये तिच्याकडे बघत चक्क गाणे म्हणतो! मग द्राक्षरसाचा पेला, अंगठी आणि 'केतुबा' म्हणजे लेखी करार. नवरा बायकोचे काय देणे लागतो ते त्यात लिहितात आणि चारचौघांत वाचून दाखवतात. (आपल्या याद्यांत देणे कुणाचे असते, ते सांगायला नकोच.)

मग चौकशी कशाची? ज्यू धर्मशास्त्रात मूल आईवर जाते. आई ज्यू तर मूल ज्यू, बाप कुणी का असेना. प्रमिला या नावाने पडद्यावर गाजलेली, १९४७ची मिस इंडिया एस्तर अब्राहम हिने मुसलमान नटाशी लग्न केले. या नियमाने तिची मुले ज्यूच ठरतात. उलट बाप ज्यू आणि आई दुसऱ्या धर्माची असेल, तर शास्त्र ते मूल आपले मानत नाही. दुसरी अट घटस्फोटाची. नवऱ्याने रीतसर 'गेट', म्हणजे सोडचिठ्ठी, हातात दिल्याशिवाय बाई मोकळी होत नाही. तशीच तिने दुसरे लग्न केले, तर त्या संसारातल्या मुलांना इतर ज्यूंशी लग्न करता येत नाही. दोष असलाच तर आईबापांचा, पण भोग लेकरांना!

कोकणात शतकानुशतके वेगळे राहिलेल्या या लोकांना ही सोडचिठ्ठी ठाऊक होती का, मधे परधर्मी सुना आल्या का, अशी शंका तिथल्या काही धर्मगुरूंना आली. १९६१ मध्ये मुख्य धर्मपीठाने त्यांच्याशी लग्नाला परवानगी दिली होती. पण पुढच्याच वर्षी, निदान तीन पिढ्या मागे जाऊन चौकशी करा, असा हुकूम निघाला. आपली माणसे गप्प बसली नाहीत बरं का! १९६४च्या उन्हाळ्यात बायकामुलांसह त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्टमध्ये, बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत, असे संसदेने जाहीर केले आणि हुकमातून त्यांचे नाव गेले.

गंमत अशी, की कोकणात असताना याच समाजात 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. परजातीच्या बाईपासून झालेली संतती ती 'काळी'. तिच्याशी रोटीबेटी व्यवहार नसे. ज्या चाळणीने आपण दुसऱ्याला चाळले, तिच्यातूनच पुढे स्वतःला जावे लागले.

आता समजा, तुमच्या मुलीने ज्यू मुलगा पसंत केला. जुन्या वळणाच्या सिनेगॉगमध्ये हे लग्न लागणार नाही. तिने धर्म बदलायचा म्हटले तरी कुणी घाई करणार नाही. हा धर्म कुणाला ओढून आणत नाही, उलट आधी परतवून बघतो आणि मग पुष्कळ अभ्यास करायला लावतो. तरी त्यांच्या बायबलातली सर्वांत लाडकी सून परक्याच घरची. मवाबी रूथ विधवा झाल्यावर माहेरी न जाता सासू नामीबरोबर गेली, आणि दावीद राजा तिचा पणतू! भारतात १९५४च्या विशेष विवाह कायद्याने धर्म न बदलता लग्न होते. तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, एवढेच. अमेरिकेतल्या सुधारक पंथाने १९८३ मध्ये, बाप ज्यू असला आणि मूल ज्यू रीतीने वाढवले तरी चालेल, असे ठरवले. तिथे २०१० नंतर लग्न केलेल्या ज्यूंपैकी ६१ टक्क्यांचे जोडीदार परधर्मी असल्याचे २०२०च्या पाहणीत दिसले. इस्रायलमध्ये मात्र नोंदणी विवाहच नाही. अशी जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करतात आणि परत येऊन नोंद करतात.

माझे ऐकाल तर साखरपुड्याआधीच दोन्ही घरच्या बायकांनी एकत्र बसावे. मुलगा झाला तर आठव्या दिवशी सुंता करायची का, शुक्रवारी संध्याकाळी दिवे कुणी लावायचे, दिवाळी कुठे, आणि नको वाटले तरी, शेवटी दफन कुठे? त्यांच्या दफनभूमीत परधर्मी सुनेला जागा मिळेल का, हे तिथल्या मंडळींना आधी विचारून घ्या.