बंद करणारी तार

हिवाळा सरला की अमेरिकेतल्या उपनगरांत गॅरेजची दारं उघडतात आणि रायडिंग मोअर बाहेर निघतात. वर बसून चालवायचं, पोटाखाली पाती फिरवत जाणारं हे गवत कापायचं यंत्र. अर्ध्या एकराचं अंगण पदरात पडलं की त्याच्यावाचून भागत नाही, हे न्यू जर्सीतल्या नि टेक्सासातल्या मराठी घरांनाही ठाऊक झालंय. पेट्रोल ताजं, बॅटरी रात्रभर चार्जरला लावलेली. सीटवर बसून किल्ली फिरवली, तर यंत्र ढिम्म.

कित्येकांचा हात अशा वेळी आधी कार्बोरेटरकडे जातो. उगाच. स्टार्टर फिरतच नसेल तर पेट्रोलचा प्रश्नच अजून आलेला नाही.

किल्ली फिरवणं म्हणजे हुकूम नव्हे, अर्ज. बॅटरीतून निघालेला हा अर्ज फ्यूज आणि किल्लीचा स्विच ओलांडून ब्रेकच्या पेडलजवळच्या स्विचकडे जातो, तिथून पात्यांच्या स्विचकडे. ब्रेक पूर्ण दाबलाय का? पाती बंद आहेत का? दोन्ही टेबलांवर सही झाली तरच तो सोलेनॉइडपर्यंत पोचतो. सोलेनॉइड आतले जाड तांब्याचे संपर्क जुळवतो आणि स्टार्टर मोटरला बॅटरीचा खरा जोर मिळतो. फाईल एका टेबलावर जरी अडली तरी अर्ज आला होता, हे सोलेनॉइडला कळतसुद्धा नाही.

म्हणून कान द्यावा. काहीच आवाज नसेल तर फ्यूज, किल्ली किंवा सुरक्षा स्विचांपैकी कुणीतरी अडवलं असावं. एकच ठसठशीत ‘टक’ आला तर अर्ज पोचला, पण सोलेनॉइडचे संपर्क जळाले असावेत किंवा जाड केबलला लूज कॉन्टॅक्ट असावा. ‘टकटकटक’ अशी घाई ऐकू आली तर बहुधा बॅटरीत दम नाही. पूर्ण भरलेली बॅटरी नुसती ठेवली असता साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, पण खरी परीक्षा स्टार्टर फिरत असताना. तेव्हा आकडा साडेनऊच्या खाली कोसळला, तर एरवी तो काहीही दाखवो, बॅटरी म्हातारी झाली.

इथवरचं मोटारीतही थोड्याफार फरकाने सापडेल. अचंबा पुढे आहे.

मोअरच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना ठिणगीसाठी बॅटरी लागतच नाही. फ्लायव्हीलच्या कडेत चुंबक बसवलेले असतात आणि जेमतेम पाव मिलिमीटर अंतरावर तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल. (हे अंतर लावायला कितीतरी मेकॅनिक मधे चक्क व्हिजिटिंग कार्ड सरकवतात, कार्डाची जाडी जवळपास तेवढीच भरते.) चुंबक समोरून गेला की कॉइलमध्ये वीज उपजते, ऐन क्षणी आतला ट्रान्झिस्टर तिचा प्रवाह तोडतो, हजारो व्होल्टांचा दाब उसळतो आणि स्पार्क प्लगच्या टोकाला ठिणगी पडते. बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला, त्याच घराण्यातली ही रचना. बॅटरी नसतानाही किकवर सुरू होणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या स्कूटरी मॅग्नेटोच्याच जिवावर पळायच्या.

मग असं इंजिन बंद कसं करायचं? ठिणगीला बाहेरून वीज मिळतच नाही, तर तोडायचं काय? कॉइलमधून एक बारीक तार बाहेर काढलेली असते. ती इंजिनाच्या धातूला, म्हणजे अर्थला टेकली की वीज तिथेच जिरते आणि ठिणगी पडत नाही. किल्ली ‘बंद’वर नेल्यावर या तारेपुरता संपर्क तुटत नाही, जुळतो. सीटखालचा स्विचही हेच करतो. पाती फिरत असताना माणूस उठला की तार अर्थला लागते आणि इंजिन थांबतं. पात्यांच्या टोकांचा वेग ताशी ३०० किलोमीटरांच्या आसपास जातो, तेव्हा ही दक्षता जास्तीची नाही. हाताने ढकलायच्या मोअरसाठी तर अमेरिकेत १९८२ पासून नियमच आहे, हँडल सोडलं की ३ सेकंदांत पातं थांबलं पाहिजे.

सुरू करणाऱ्या वाटेवरची वायर उंदराने कुरतडली तर यंत्र मुकं होतं, एवढंच. बंद करणारी तार कुरतडली तर इंजिन किल्लीला जुमानत नाही. याउलट मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनचा हात हँडलवरून सुटला की ब्रेक लागतात. ब्रेकच्या पाइपातली हवा गळाली तरी गाडी थांबतेच, म्हणजे बिघाड झाला तरी तो सुरक्षिततेच्या बाजूला कलतो. मोअरची ठिणगी मात्र बरोबर उलट्या बाजूला कलते. आणि त्याच यंत्रात, हातभर खाली, पात्यांचा विजेचा क्लच असेल तर तो लोकलच्या जातीचा असतो. वीज मिळते तोवर पाती फिरवतो, वीज गेली की स्प्रिंगच्या जोरावर ब्रेक लावतो. एकाच यंत्रात दोन उलटी तर्कशास्त्रं नांदतात, हे कळेपर्यंत मल्टिमीटर घेऊन बसलेला माणूस हमखास गोंधळतो.

काही बनावटींत सीटखालच्या स्विचच्या वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये इवलीशी स्प्रिंगची पट्टी असते. प्लग उपटला की ती दोन टोकं आपोआप जोडून टाकते, म्हणजे तार अर्थलाच लागते. स्विच काढून कटकट मिटवू पाहणाऱ्याला कुणा अभियंत्याने आधीच गाठलंय! उंचवट्यावरून जाताना इंजिन दचकत असेल तर याच स्विचची दांडी झिजलेली किंवा सीटची स्प्रिंग गंजलेली असण्याचा संभव मोठा. स्विच बदलावा, वायरचा तुकडा घालून गप्प करू नये. रिव्हर्सच्या स्विचचंही तेच. मागे येणाऱ्या मोअरखाली लहान मुलं सापडली आहेत, म्हणून तो आहे.

स्टार्टर फिरतोय पण ठिणगी नाही, असं असेल तर पाती बंद ठेवून, ब्रेक लावून, ती बारीक तार कॉइलपासून सोडवावी आणि स्पार्क टेस्टर लावून पाहावं. ठिणगी आली तर कॉइल निर्दोष, कुठला तरी स्विच विनाकारण अर्थ देतोय. तार सोडवली असताना इंजिन पेटलं तर ते किल्लीने थांबणार नाही, म्हणून तपासणी संपताच ती परत जोडायची. आणि या तारेला बॅटरीचे १२ व्होल्ट चुकूनही लावायचे नाहीत, कॉइल जळते.

एक चकवा उरतो. अलीकडच्या बऱ्याच इंजिनांत कार्बोरेटरच्या तळाशी आणखी एक सोलेनॉइड असतो. इंजिन बंद करताना सायलेन्सरमधून फटाका फुटू नये म्हणून तो पेट्रोल अडवतो, आणि उघडा राहायला त्याला बॅटरीचे १२ व्होल्ट लागतात. त्यामुळे ठिणगी उत्तम असूनही इंजिन उपाशी मरू शकतं. किल्ली ‘चालू’वर नेल्यावर त्याची बारीक टिक बोटाला जाणवते. जाणवली नाही तर आधी त्याच्या वायरवर १२ व्होल्ट पोचतात का ते मोजावं, नव्या सोलेनॉइडला पैसे नंतर घालावेत.