छत्रपती राजाराम महाराजांची युरोप-दैनंदिनी (1870): तरुण प्रवाशाची दृष्टी आणि तिच्या मर्यादा

मराठी माणसाच्या युरोप-प्रवासाचा विचार करताना आपल्यासमोर सामान्यतः अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (1940) आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (1960) ही पुस्तके येतात. या परंपरेच्या कितीतरी आधी, 1870 साली, कोल्हापूरच्या वीस वर्षांच्या छत्रपतींनी युरोपातील नगरे पाहिली आणि त्या प्रवासाची रोजनिशी ठेवली. ती इंग्रजीत असल्यामुळे मराठीच्या अभ्यासकांनी ती इतिहासाच्या विभागाकडे सोपविली, आणि इतिहासाच्या अभ्यासकांना तीत राजकारण फारसे सापडले नाही. प्रस्तुत लेखात या दैनंदिनीकडे एका तरुण प्रवाशाचे लेखन म्हणून पाहण्याचा आणि असे लेखन वर्गात कसे वाचावे, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम नावाचा घोळ दूर करणे आवश्यक आहे. येथे अभिप्रेत असलेले राजाराम म्हणजे शिवछत्रपतींचे पुत्र नव्हेत, आणि राजर्षी शाहू महाराजांचे पुत्रही नव्हेत. हे राजाराम महाराज (दुसरे) 1850 साली पाटणकर घराण्यात जन्मले आणि 1866 मध्ये दत्तकविधानाने कोल्हापूरच्या गादीवर आले. कोल्हापुरात 1880 साली सुरू झालेल्या राजाराम महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. तेथे शिकलेल्या अनेकांनाही हे ठाऊक नसते, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

महाराजांचे वय लहान आणि संस्थानावर ब्रिटिश पोलिटिकल एजंटाची देखरेख, अशा परिस्थितीत हा प्रवास घडला. समुद्र ओलांडणे हे हिंदू राजाच्या दृष्टीने धर्मसंकट मानले जाण्याचा तो काळ होता. सुएझचा कालवा नोव्हेंबर 1869 मध्ये नुकताच खुला झाला होता. महाराजांसमवेत कॅप्टन एडवर्ड वेस्ट हे अधिकारी होते. महाराजांच्या मृत्यूनंतर 1872 साली लंडनमध्ये ही दैनंदिनी प्रसिद्ध झाली, तीही याच वेस्ट यांच्या संपादनाखाली. म्हणजे प्रवासात पालक, नगरदर्शनात सोबती आणि ग्रंथात संपादक अशा तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे होत्या, आणि ती व्यक्ती सत्ताधाऱ्यांची प्रतिनिधी होती. दैनंदिनी वाचताना ही गोष्ट क्षणभरही विसरता येत नाही.

दैनंदिनीतील बहुतांश नोंदी त्रोटक आहेत. कोण भेटावयास आले, दुपारी कोठे गेलो, सायंकाळी कोणता समारंभ झाला, असे त्यांचे स्वरूप आहे. व्हिक्टोरिया राणीची भेट, संसद, नाट्यगृहे, मेजवान्या व नृत्यसमारंभ यांनी इंग्लंडमधील दिवस भरून गेलेले दिसतात. भावनांचा उमाळा शोधणाऱ्या वाचकाची येथे निराशा होते. परंतु या कोरडेपणावरून लेखकाला अरसिक ठरविणे अन्यायाचे होईल. आपण लिहिलेले आपला पालक वाचणार आहे, हे ज्या तरुणाला माहीत असते, तो आश्चर्य मोजून व्यक्त करतो आणि नापसंती बहुधा व्यक्त करीतच नाही. शिवाय शिकून घेतलेल्या भाषेत माणूस आधी चूक टाळावयास शिकतो. मनातले सांगणे नंतर येते.

या संदर्भात पंडिता रमाबाईंचे ‘इंग्लंडचा प्रवास’ (1883) हे छोटेखानी पुस्तक शेजारी ठेवून पाहावे. रमाबाई तेव्हा पंचविशीत होत्या, म्हणजे महाराजांपेक्षा वयाने फार मोठ्या नव्हत्या. मात्र त्यांचे लेखन मराठीत आहे आणि मुळात ते मुंबईतील एका स्नेह्यास लिहिलेले पत्र आहे. त्यामुळे समुद्रप्रवासातील अनुभव, विचार आणि स्वतःचे मतभेद त्या मोकळेपणाने मांडू शकतात. एकीकडे राजा असूनही बोलण्यावर बंधन, तर दुसरीकडे राज्य, संपत्ती, पाठबळ यांपैकी काहीच नसलेली विधवा निर्भयपणे बोलते. प्रवासवर्णनाची भाषा आणि त्याचा अपेक्षित वाचक या दोन बाबी लेखकाच्या अधिकारापेक्षा अधिक निर्णायक ठरतात, असे या तुलनेतून म्हणावेसे वाटते.

हा मुद्दा आपल्या परिसरातील विद्यार्थ्यांनाही समजू शकतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवरील इटियाडोह धरणावर शैक्षणिक सहल गेली की परत आल्यावर लिहिलेल्या अहवालात धरणाची लांबी, उंची, जलसाठा आणि लाभक्षेत्र हीच माहिती येते, आणि तीही फलकावर असते त्याच क्रमाने. जवळच असलेल्या नॉर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीत जाऊन आलेला विद्यार्थी मठाचे वर्णन करतो. परंतु 1972 पासून परक्या मुलखात वसलेल्या लोकांच्या घरांकडे पाहून आपणास काय वाटले, हे लिहीत नाही. अहवाल शिक्षक तपासणार आहेत, हे त्याला माहीत असते. तोच प्रवास एकदा प्राध्यापकांसाठी आणि एकदा घरी आजीला पाठवावयाच्या पत्रात लिहावयास सांगितल्यास राजाराम महाराजांच्या दैनंदिनीची अडचण वेगळी समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.

आता दैनंदिनीच्या अखेरच्या भागाकडे वळावयाचे. जुलै 1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि सप्टेंबरपासून पॅरिसला वेढा पडला. परतीच्या प्रवासात ते नगर पाहणे शक्य नव्हते. महाराज इटलीतील फ्लॉरेन्स येथे पोहोचले तेव्हा त्यांची प्रकृती ढासळली होती. फ्लॉरेन्सही त्या वेळी जुन्या चित्रांतल्यासारखे स्थिर राहिलेले नव्हते. 1865 मध्ये एकीकृत इटलीची राजधानी तेथे आली होती, जुसेप्पे पोज्जी यांच्या योजनेनुसार मध्ययुगीन तटबंदी पाडून रुंद रस्ते होत होते आणि 20 सप्टेंबर 1870 रोजी रोम जिंकले गेल्याने राजधानी पुन्हा हलणार हेही निश्चित झाले होते. अशा नगराविषयी या तरुणाला काय वाटले असते, हे वाचण्याची संधी आपणास मिळाली नाही. 30 नोव्हेंबर 1870 रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. दैनंदिनीच्या ग्रंथात त्यांच्या अखेरीचा वृत्तान्त साहजिकच वेस्ट यांच्या लेखणीतून येतो.

यानंतर पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्या जागा बदलतात. दहनसंस्काराची प्रथा इटलीत तेव्हा रूढ नव्हती. मिलान येथील दहनगृहात पहिले दहन झाले ते 1876 साली. तरीही स्थानिक अधिकाऱ्यांच्या परवानगीने कॅशिने उद्यानाच्या टोकाला, जेथे मुन्योने हा प्रवाह आर्नो नदीस मिळतो, तेथे महाराजांवर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार करण्यात आले. संगमाची जागा निवडण्यामागील कारण मराठी वाचकास समजावून सांगावे लागत नाही. फ्लॉरेन्समधील लोकांना मात्र तो सर्वस्वी अपरिचित विधी होता.

त्याच जागी 1874 मध्ये छत्रीच्या धर्तीचे स्मारक उभे राहिले. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा होता. कोल्हापूरचा नवा राजवाडा पुढे त्यांच्याच आराखड्यानुसार झाला. आतील रंगविलेला संगमरवरी अर्धपुतळा फ्लॉरेन्समध्ये राहणारे इंग्रज शिल्पकार चार्ल्स फ्रान्सिस फुलर यांनी घडविला. फ्लॉरेन्समधील लोक या स्मारकास ‘इंडियानो’, म्हणजे भारतीय माणसाचे स्मारक, असे म्हणतात. जवळच आर्नोवर 1970 च्या दशकात बांधलेल्या तारांच्या मोठ्या पुलासही ‘पोंते आल इंडियानो’ हेच नाव पडले. शहराच्या वाहतुकीच्या मार्गावरील पूल असल्यामुळे ते नाव तेथे रोज उच्चारले जाते. त्यात राजाराम हे नाव नाही.